बोट कोणाचे, कळ कोणाची? व्हिडिओ खेळांतील नियंत्रणे बदलण्याच्या मुभेचा इतिहास

१/
२५ जानेवारी २०१८ रोजी 'सेलेस्ट' नावाचा एक छोटेखानी खेळ प्रसिद्ध झाला. मॅडलिन नावाची तरुणी एक दुर्गम पर्वत चढू पाहते, एवढेच त्याचे कथासूत्र. करायच्या क्रियाही मोजक्याच: धावणे, उडी मारणे, हवेत झेप घेणे आणि कड्याला धरून राहणे. खेळ मात्र विलक्षण कठीण. खेळणारा शेकडो वेळा मरतो आणि त्याच पडद्यावर पुन्हा उभा राहतो.

या खेळाच्या मेनूत एक पान होते. तेथे खेळाचा वेग १०० टक्क्यांवरून पायरीपायरीने ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येई. कड्याला धरून राहण्याची ताकद अमर्याद करता येई, झेपांची संख्या वाढवता येई, इतकेच काय, मृत्यूही टाळता येई. हे पान ठेवावे की नाही, ठेवल्यास त्याला काय म्हणावे आणि ते उघडणाऱ्याला आधी काय सांगावे, यावर निर्मात्यांनी बराच विचार केला होता आणि तरीही पुढे त्यांना त्यावरील मजकूर बदलावा लागला. एका मेनूतील दोन-चार ओळींना इतके महत्त्व का यावे, हे समजून घ्यायचे तर ५६ वर्षे मागे जावे लागते. धागा लांब आहे.

२/
१९६२. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर!' हा खेळ चालवत होते. दोन अंतराळयाने, मध्ये एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण आणि परस्परांवर सोडायचे टॉर्पेडो. संगणकाला आजच्यासारखे कंट्रोलर जोडलेले नव्हते. यंत्राच्या तपासणीसाठी पटावर जे खटके बसवलेले होते, त्यांवरच यान हाकावे लागे. पटासमोर वाकून दोघांनी दाटीवाटीने बसायचे, आणि पडदा मात्र एका बाजूला. ज्याच्या बाजूला पडदा, त्याचे पारडे आपोआप जड. शिवाय कोपरे दुखून येत ते वेगळेच.

ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी यावर उपाय काढला. संस्थेत रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवणारा एक क्लब होता. त्याच्याकडच्या सुट्या भागांतून त्यांनी हातात धरता येतील अशा दोन लाकडी पेट्या तयार केल्या. एक खटका यान डावी-उजवीकडे वळवण्यासाठी. दुसरा मागे ओढला की इंजिन चालू, पुढे ढकलला की यान अदृश्य होऊन भलतीकडे प्रकट होणार. टॉर्पेडोसाठी एक बटण, आणि त्याची एक खुबी अशी की ते दाबल्याचा आवाज होत नसे. दोन टॉर्पेडोंमध्ये ठराविक वेळ जावा लागे. बटण वाजले असते तर प्रतिस्पर्ध्याला नेमके कळले असते की समोरचा नेम धरू पाहतो आहे.

३/
या प्रसंगाकडे साधारणपणे 'पहिला गेम कंट्रोलर' म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे. मात्र त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पीडीपी-१ च्या पटावर सहा 'सेन्स स्विच' होते. 'स्पेसवॉर!' खेळताना त्यांवरून खेळाचे नियमच बदलता येत: गुरुत्वाकर्षण कमी-जास्त करणे, यान वळण्याची रीत बदलणे, पार्श्वभूमीवरचे तारे घालवणे. आज ज्याला आपण 'सेटिंग'चे पान म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

म्हणजे पहिल्या पिढीतील खेळाडूंना अडचण आली तेव्हा त्यांनी परवानगी मागितली नाही. हात दुखला तर पेटी बनवली, नियम जाचला तर खटका फिरवला. खेळ करणारा आणि खेळणारा एकच होता, म्हणून हे शक्य झाले. या दोघांची फारकत झाली आणि खरा प्रश्न तेथून सुरू झाला.

४/
१९७० च्या दशकात खेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत शिरला. त्या यंत्राचा पट दुकानदाराचा. त्यावरची काठी आणि बटणे जेथे आहेत तेथेच राहणार. डावखुऱ्याने काय करावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण यंत्र एका माणसासाठी नव्हे, तर रांगेसाठी बनवलेले होते.

घरात आलेल्या यंत्रांनी तरी ही मुभा द्यायला हवी होती. तसे झाले नाही. अटारीच्या १९७७ सालच्या यंत्राबरोबरच्या जॉयस्टिकला एकच बटण होते आणि ते वरच्या डाव्या कोपऱ्यात. काठी उजव्या हाताने हलवायची, बटण डाव्या अंगठ्याने दाबायचे, असे गृहीत होते. पुढे १९८२ मध्ये निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी हातात मावणाऱ्या 'डाँकी काँग' खेळासाठी दिशादर्शक अधिकचिन्ह बनवले आणि ते डाव्या बाजूला बसवले. १९८३ च्या फॅमिकॉममध्ये तीच रचना आली व रूढ झाली. अवघ्या सहा-सात वर्षांत दिशा सांभाळण्याचे काम उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे गेले. दोन्ही वेळा खेळाडूला कोणी विचारले नाही, आणि दोन्ही वेळा लोकांना ती रचना 'नैसर्गिक' वाटू लागली. सवयीला निसर्ग समजण्याची चूक इतिहासात नवी नाही.

५/
येथे निर्मात्यांची बाजूही सांगायला हवी. त्या काळचे खेळ काडतुसात भरलेले असत आणि बहुतेक काडतुसांत काही साठवून ठेवण्याची सोय नसे. खेळाडूने बटणे बदलली तरी यंत्र बंद करताच सगळे पुसले जाणार. तरीही काहींनी ती सोय दिली. सुपर निन्टेन्डोवरच्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये (१९९२) सहा ठोशा-लाथांची बटणे आपल्या सोयीने लावता येत. नाण्याच्या यंत्रावर सहा बटणे एका पटावर ओळीने मांडलेली होती. घरच्या कंट्रोलरवर त्यांतली दोन वरच्या कडेला गेली. रचना बदलल्यामुळे बदलाची मुभा देणे भागच पडले, असेही म्हणता येईल.

याच काळातील एक वस्तू विसरली गेली आहे. १९८९ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत हात न वापरता खेळता येईल असा कंट्रोलर काढला. तो छातीवर बांधायचा. हनुवटीने काठी हलवायची आणि नळीत फुंकून वा ओढून बटणे 'दाबायची'. तो दुकानांत मांडलेला नसे, कंपनीच्या ग्राहकसेवेकडून मागवावा लागे. कल्पना थोर होती, पण ती सगळ्यांच्या वाटेवर नव्हती. वेगळ्या शरीरासाठी वेगळी वस्तू, तीही मागणी केल्यावर. खेळ होता तसाच राहिला.

६/
बदल आला तो वैयक्तिक संगणकावरून, आणि तो कोणाच्या कनवाळूपणामुळे नव्हे, तर यंत्रांच्या विविधतेमुळे आला. प्रत्येकाचा संगणक निराळा, ध्वनीकार्ड निराळे, कोणाकडे जॉयस्टिक, कोणाकडे माऊस, कोणाकडे काहीच नाही. त्यामुळे १० डिसेंबर १९९३ रोजी आलेल्या 'डूम'सोबत एक स्वतंत्र सेटअप प्रोग्राम होता. त्यात ठरवलेले सारे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवले जाई. फाइल उघडली तर कळांची नावे दिसत नसत, आकडे दिसत. हे आकडे म्हणजे कळफलकाकडून संगणकाला जाणारे संकेतांक. उत्साही मुलांनी ते आकडे बदलून पाहिले, आणि आपल्या मनासारखी कळ चालते हे त्यांच्या ध्यानात आले.

'डूम'मध्ये अधिक-वजाच्या कळांनी खेळाचे दृश्यही लहान-मोठे करता येई. याचे कारण सौंदर्यदृष्टी नव्हते. जुन्या प्रोसेसरला पूर्ण पडदा रंगवणे झेपत नसे. चौकट लहान केली की खेळ पळू लागे. पडद्याची रचना बदलण्याची मुभा आधी यंत्राच्या दुबळेपणासाठी मिळाली. माणसाचा विचार पुढे झाला.

७/
२२ जून १९९६ ला 'क्वेक' आला आणि त्याने एक शब्द रूढ केला: 'बाइंड', म्हणजे बांधणे.

खेळ चालू असतानाच एक कळ दाबली की वरून पडद्यासारखी एक चौकट उतरे. तीत आज्ञा लिहायची. 'बाइंड', मग कळेचे नाव, मग क्रियेचे नाव. एवढे लिहिले की ती क्रिया त्या कळेला बांधली गेली. या साध्या आज्ञेमागे एक मूलभूत विचार होता. जुन्या पद्धतीच्या प्रोग्राममध्ये लिहिलेले असे की 'अमुक कळ दाबली तर उडी मार'. 'क्वेक'मध्ये कळ आणि क्रिया यांच्यामध्ये एक तक्ता होता. खेळाला फक्त 'उडी' ठाऊक, कळ ठाऊक नाही. कोणत्या कळेने उडी मारायची हे तक्ता सांगणार, आणि तक्ता खेळाडूच्या ताब्यात. पुढच्या पाव शतकातील प्रत्येक 'नियंत्रणे बदला' या पानाच्या तळाशी हाच तक्ता आहे.

आणखी एक आज्ञा होती, 'एलियास'. तिने अनेक क्रिया एका नावाखाली गुंफता येत. मग काय, एका कळेत शस्त्र बदलणे, गोळी झाडणे आणि जुने शस्त्र परत घेणे! हे कौशल्य की लबाडी, यावर स्पर्धांमध्ये वाद झाले. या वादाचा सूर ध्यानात ठेवावा, तो 'सेलेस्ट'च्या वेळी पुन्हा ऐकू येईल.

८/
'क्वेक'मध्ये मूळ नियंत्रणे बाणांच्या कळांवर होती. माऊसने वर-खाली पाहण्याची सोय आपण होऊन सुरू नसे, ती आज्ञा देऊन चालू करावी लागे. आज हे वाचून हसू येईल. पण त्या वेळी योग्य रीत कोणती हे ठरलेलेच नव्हते. 'सिस्टिम शॉक'ने (१९९४) ए-एस-डी-एक्स या कळा निवडल्या होत्या, 'डिसेंट'ने (१९९५) पुढे-मागे जाण्यासाठी ए आणि झेड. प्रत्येक खेळाडूची आपली एक फाइल, आणि तिच्यात आपला एक मांडलेला संसार.

मग १९९७ साल उजाडले. अटलांटा येथे 'रेड ॲनिहिलेशन' ही 'क्वेक'ची स्पर्धा भरली. बक्षीस होते 'क्वेक'चा प्रमुख प्रोग्रामर जॉन कार्मॅक याची स्वतःची लाल फेरारी. ती जिंकली डेनिस फाँग या तरुणाने. खेळातले त्याचे नाव 'थ्रेश'. त्याचा डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी या चार कळांवर असे आणि उजवा माऊसवर.

फेरारी जिंकणाऱ्याची बोटे कोठे असतात, हे जाणून घेण्याची इच्छा कोणाला होणार नाही? त्याची कॉन्फिग-फाइल हातोहात पसरली. कार्मॅकने तर 'क्वेक २'बरोबर थ्रेशची मांडणीच देऊन टाकली. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'ने याच चार कळा मूळ नियंत्रणे म्हणून घेतल्या, १९९९ च्या 'क्वेक ३'नेही. डब्ल्यू-ए-एस-डीचा शोध थ्रेशने लावला असे नव्हे. इतरही काही जण त्या कळा वापरत होते. त्याने तिला प्रतिष्ठा दिली, हे मात्र निर्विवाद.

९/
त्या मांडणीत गुणही होते. बोटे कळफलकाच्या मधल्या ओळीजवळच राहतात. शिफ्ट, कंट्रोल, टॅब, स्पेस या मोठ्या कळा हाताशी येतात, भोवती आणखी डझनभर कळा. टंकलेखनाच्या क्लासला गेलेल्या कोणालाही ही जागा परकी वाटणार नाही.

पण या गोष्टीतला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. 'बाइंड'मुळे प्रत्येकाला आपापली मांडणी करता आली. त्या स्वातंत्र्यातून एकाची मांडणी जिंकली आणि ती सगळ्यांची झाली. मग पुढच्या पिढीतील कित्येक निर्मात्यांना वाटू लागले की आता बदलाची गरजच काय? उत्तर सापडलेले आहे! आणि मुभेचे पान मेनूतून गळू लागले.

१०/
उत्तर सगळ्यांसाठी सापडलेले नव्हते. फ्रान्सचे उदाहरण घ्यावे. तेथील कळफलकावर वरच्या ओळीची सुरुवात ए-झेड-ई-आर-टी-वाय अशी होते. तेथे डब्ल्यू खालच्या ओळीत आणि ए वरच्या ओळीत जातो. त्या हाताला हवी असतात झेड-क्यू-एस-डी ही अक्षरे. खेळ जर अक्षर वाचत असेल, तर फ्रेंच खेळाडूच्या बोटांना गाठ पडणार. खेळ जर कळेची जागा वाचत असेल, तर काहीच अडणार नाही. कळफलक मुळात संगणकाला अक्षर पाठवतच नाही, जागेचा संकेतांक पाठवतो. अक्षर कोणते हे नंतर ठरते. म्हणजे उपाय 'डूम'च्या त्या आकड्यांच्या फाइलमध्येच होता.

मराठी वाचकाला हे घरच्या घरी पडताळता येते. इनस्क्रिप्ट मांडणी चालू करून त्याच चार कळा दाबल्या तर काय उमटते? डब्ल्यूच्या जागी ऐची मात्रा, एच्या जागी ओची मात्रा, एसच्या जागी एची मात्रा आणि डीच्या जागी हलन्त. उमटलेले अक्षर वाचणाऱ्या खेळात त्या क्षणी नायक जागच्या जागी उभा राहील.

बटणांच्या नावांचेही तेच. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर 'ए' बटण उजवीकडे असते, एक्सबॉक्सवर तेच नाव खालच्या बटणाला. प्लेस्टेशनवर १९९४ पासून जपानी खेळाडू होकारासाठी वर्तुळ आणि नकारासाठी फुली दाबत आले, तर अमेरिका-युरोपात फुलीचा अर्थ होकार झाला. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आले तेव्हा सोनीने जपानमध्येही फुलीलाच होकार ठरवले. सव्वीस वर्षांची बोटांची सवय एका निर्णयात चुकीची ठरली.

११/
लहान निर्मात्यांना हे सारे किती जड जाते, याची कल्पना बाहेरून येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. दोन महिन्यांत चार घरे, आणि प्रत्येक घरातील बटणांची नावे निराळी. पडद्यावर 'हे बटण दाबा' असे जेथे-जेथे येते, तेथील चिन्ह त्या-त्या यंत्राप्रमाणे बदलावे लागते. त्यात खेळाडूला कळा बदलण्याची मुभा दिली की प्रत्येक चिन्ह त्याच्या तक्त्यातून काढावे लागते. एकच कळ दोन क्रियांना बांधली गेली तर काय करायचे? 'मागे जा'ची कळच कोणी काढून टाकली तर तो मेनूतून बाहेर कसा पडणार? एका माणसाच्या किंवा चौघांच्या चमूला या प्रश्नांत आठवडे घालवावे लागतात.

साधने कधी मदत करीत, कधी नाही. स्वतंत्र निर्मात्यांचे लाडके 'युनिटी' इंजिन घेतले, तर त्याच्या जुन्या आवृत्त्यांत कळा बदलण्याची चौकट खेळ सुरू होण्यापूर्वीच दिसे. एकदा खेळात शिरल्यावर बदल करायचा तर निर्मात्याने सगळी व्यवस्था स्वतः रचायची किंवा विकत घ्यायची. दाइसुके अमाया या जपानी निर्मात्याने पाच वर्षे एकट्याने खपून २००४ मध्ये 'केव्ह स्टोरी' विनामूल्य दिला. त्याने वेगळाच मार्ग घेतला. खेळासोबत एक इवलासा स्वतंत्र प्रोग्राम ठेवला आणि कळांची निवड तेथे करायला सांगितली. 'डूम'च्या सेटअपचीच ही धाकटी पाती. एकटा माणूस ते करू शकला, ही गोष्ट पुढे 'आम्हाला वेळ नव्हता' म्हणणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या विरोधात पुरावा म्हणून उभी करता येईल.

१२/
दरम्यान अपंग खेळाडूंच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या. अमेरिकेत 'एबलगेमर्स' २००४ मध्ये स्थापन झाली. २०१० मध्ये तेथे संपर्कसाधनांच्या सुगम्यतेचा कायदा झाला. त्याचा खेळांशी संबंध येत होता तो त्यांतील गप्पांच्या सोयींपुरता, आणि उद्योगाला त्यातूनही २०१८ च्या अखेरपर्यंत सूट मिळत राहिली. २०१२ मध्ये खेळांच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांतील अगदी प्राथमिक सूचनांपैकी एक म्हणजे नियंत्रणे बदलू द्या. मार्च २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ च्या यंत्रातच बटणांची अदलाबदल करण्याची सोय आली. सप्टेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' विक्रीस आला. त्याच्या मागे १९ खोबण्या होत्या आणि पाय, कोपर, डोके, ज्याने शक्य असेल त्याने दाबायचे बटण तेथे जोडता येई. १९८९ च्या छातीवरच्या कंट्रोलरनंतर २९ वर्षांनी ती कल्पना उघड बाजारात मांडली गेली.

यंत्रपातळीवरची सोय पुरेशी नसते, हेही सांगायला हवे. प्लेस्टेशनने वर्तुळ आणि फुलीची अदलाबदल केली तरी खेळाला ते ठाऊक नसते. पडद्यावर जुनेच चिन्ह येते, आणि खेळाडूला मनातल्या मनात भाषांतर करत खेळावे लागते.

१३/
आता 'सेलेस्ट'कडे परत.

त्याचा जन्म २०१५ मध्ये चार दिवसांत झाला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी 'पिको-८' नावाच्या काल्पनिक छोट्या यंत्रासाठी तो मूळ खेळ केला. 'पिको-८'वर दिशांखेरीज दोनच बटणे असतात आणि ती कळफलकाच्या खालच्या ओळीतील झेड, एक्स, सी या शेजारच्या अक्षरांवर बसतात. पूर्ण खेळ आला तेव्हा संगणकावरची मूळ नियंत्रणे तशीच राहिली: बाण, सीवर उडी, एक्सवर झेप, झेडने कडा धरणे. थ्रेशच्या पठडीतील हाताला ही मांडणी उलटी वाटते, कारण दिशा उजव्या हाताकडे जातात. अटारीच्या काठीची आठवण यावी! अर्थात येथे कळा बदलता येत होत्या. तो तक्ता खेळाडूपुढे उघडा होता.

शिवाय खेळ गुपचूप मदतही करीत होता. कड्याच्या टोकावरून पाय निसटल्यावरही सुमारे एक दशांश सेकंदापर्यंत उडी मान्य होई. बेरी यांनी नायिकेच्या हालचालींचा प्रोग्राम पुढे खुला केला, तेव्हा हा आकडा कोणालाही वाचता आला. म्हणजे 'कठीण' म्हणून गाजलेला खेळ प्रत्येक खेळाडूला, अगदी निष्णातालाही, सतत सांभाळून घेत होता. या मदतीला कोणी फसवणूक म्हटले नाही, कारण ती दिसत नव्हती.

१४/
दिसणारी मदत मात्र वेगळी ठरली. त्या मदतीच्या पानाचे पहिले नाव 'चीट मोड' होते, म्हणजे लबाडीची रीत. थॉर्सन यांनी पुढे सांगितले की काठिण्याचा तोल साधण्यात इतके तास गेले होते की, ती मांडणी खेळाडूने मोडावी हे सोसणे सोपे नव्हते. विचारांती नाव बदलून 'असिस्ट मोड' झाले, म्हणजे साहाय्याची रीत. वेग घटवण्यामागची समजूत साधी होती: ज्याची बोटे अर्ध्या वेगाने चालतात त्याच्यासाठी ५० टक्के वेगाचा खेळ तितकाच कठीण असतो, जितका इतरांसाठी पूर्ण वेगाचा.

तरीही पान उघडताच जो मजकूर येई, त्यात किंचित अढी होती. काठिण्य हा अनुभवाचा गाभा आहे आणि पहिल्यांदा तरी या साहाय्याशिवाय खेळावे, असा त्याचा आशय होता. सशक्त हाताच्या वाचकाला तो सल्ला वाटेल. ज्याला साहाय्याशिवाय पहिला पडदाही ओलांडता येत नाही, त्याला तो काय वाटेल? त्याच्यासाठी 'पहिल्यांदा' ही वेळ येणारच नव्हती.

२०१९ मध्ये निर्मात्यांनी हा मजकूर बदलला. त्यासाठी त्यांनी क्लिंट लेक्सा यांचा सल्ला घेतला. लेक्सा एका हाताने खेळतात आणि वेगाने खेळ पूर्ण करण्याच्या जाहीर कार्यक्रमांतून प्रसिद्ध झालेले आहेत. नव्या मजकुरातून तो सल्ला गेला. खेळ आव्हानात्मक आणि समाधान देणारा असावा अशी इच्छा आहे, मूळ रूपात तो तुमच्या आवाक्याबाहेर राहिला तर या मार्गाने तोच अनुभव मिळो, अशा अर्थाच्या ओळी आल्या. प्रोग्राममधली एकही सोय बदलली नव्हती.

१५/
याला विरोधही होता, आणि तो सगळाच मूर्खपणाचा नव्हता. त्याच २०१९ मध्ये 'सेकिरो' या जपानी खेळाच्या काठिण्यावरून जगभर वाद पेटला. काठिण्य ही निर्मात्याची अभिव्यक्ती आहे, ती पातळ करण्याचा हक्क कोणाला, असा एका बाजूचा प्रश्न. तो प्रश्न स्पर्धेच्या संदर्भात योग्यच आहे. 'एलियास'ने तीन क्रिया एका कळेत बांधणारा खेळाडू समोरच्याकडून काहीतरी हिरावून घेतो, म्हणून तेथे नियम हवेत. पण मॅडलिनच्या पर्वतावर समोर कोणी नाही. एकाने वेग ७० टक्के केल्याने दुसऱ्याचा कडा बुटका होत नाही. स्पर्धेचा युक्तिवाद एकट्याच्या खेळाला लावला गेला, ही त्या वादातील मूळ गफलत दिसते.

'सेलेस्ट'ने तरी एक तडजोड ठेवलीच. साहाय्य घेऊन खेळलेल्या डावावर तसा शिक्का उमटतो. हा शिक्का कोणासाठी? दुसऱ्याने पाहावा म्हणून की स्वतःला आठवावे म्हणून? खेळाडूंमध्ये त्यावर एकमत नाही.

१६/
नंतरच्या आवृत्त्यांत खेळाच्या साध्या सेटिंगच्या पानावर, साहाय्याच्या पानाबाहेर, एक लहानशी निवड आली. कडा धरण्यासाठी मुळात कळ दाबून ठेवावी लागे. लांबलचक चढणीवर बोट आणि मनगट आखडून येई. नव्या निवडीत तीन पर्याय होते. दाबून ठेवणे. उलट, म्हणजे मॅडलिन आपण होऊन कडा धरेल आणि कळ दाबली की सोडेल. किंवा एकदा दाबले की धरणे, पुन्हा दाबले की सोडणे.

यातला कोणताही पर्याय घेतला तरी डावावर शिक्का उमटत नाही.